रेषेकडे पाठ फिरवलेली समीक्षा

मार्च 2025च्या अखेरीस चॅटजीपीटीत चित्रं काढून घेण्याची नवी सोय आली आणि बघता बघता लग्नाचे, बारशाचे, गडावरच्या सहलीचे फोटो 'घिबली' होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. टपोरे डोळे, गुलाबी गाल, मागे हिरवळ आणि गुबगुबीत ढग. त्यावर वादही पुष्कळ झाला. कॉपीराइटचा झाला, नैतिकतेचा झाला, विजेच्या खर्चाचा झाला. यंत्राने हलवलेल्या एका विद्रूप आकृतीचं प्रात्यक्षिक पाहून घिबली स्टुडिओचे दिग्दर्शक हयाओ मियाझाकी 2016 मध्ये संतापले होते. ती जुनी चित्रफीत पुन्हा बाहेर काढली गेली, तीही बहुतेक वेळा मागचापुढचा संदर्भ गाळून. एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला: या फोटोंमध्ये घिबलीचं नेमकं आहे काय?

याचं उत्तर देता येतं. मियाझाकींच्या 'द विंड रायझेस' (2013) या चित्रपटात भूकंपानंतरच्या गर्दीचं जेमतेम चार सेकंदांचं एक दृश्य आहे. ते हाताने काढायला एजी यामामोरी या अ‍ॅनिमेटरला सव्वा वर्ष लागलं. त्या गर्दीतला कोणीही शेजाऱ्यासारखा चालत नाही. कोणी ओझं सावरतो, कोणी रेटा देतो, कोणी माघारी वळायला बघतो. घिबली या नावाखाली जे काही आहे ते माणसाच्या वजनाच्या आणि चालण्याच्या या निरीक्षणात आहे, गालांच्या रंगात नव्हे. हे सांगणं समीक्षकाचं काम होतं. ते त्याच्याकडून झालं नाही, कारण गेली कित्येक वर्षं चित्र बघण्याची सवयच त्याने सोडून दिली आहे. शैली म्हणजे तयार गोष्टीवर वरून मारायची रंगसफेदी, असं तोच वाचकाला शिकवत आला. मग तीच रंगसफेदी यंत्र फुकटात करून देऊ लागल्यावर त्याच्याकडे बोलायला काही उरलं नाही.

कॉमिक्स आणि लोकप्रिय संस्कृतीवर आज पूर्वी कधी नव्हतं इतकं लिहिलं आणि बोललं जातं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा 'युनिव्हर्स'च्या नकाशांचा. कोणत्या अंकातलं कोणतं पात्र कोणत्या चित्रपटात येणार, शेवटच्या श्रेयनामावलीनंतर दिसलेल्या अंगठीचा अर्थ काय, 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मधला कालप्रवास सुसंगत की विसंगत. ही समीक्षा नव्हे, हे वेळापत्रक. दुसरा वाटा स्मरणरंजनाचा. इंद्रजाल कॉमिक्सचा जुना अंक रद्दीत सापडला की डोळे भरून येतात. पण आत वेताळ कसा काढला आहे, हे बघायला ते डोळे कोरडे राहत नाहीत. तिसरा विद्यापीठीय प्रबंधांचा. त्यात सिद्धान्त चित्राच्या आधी पोचतो आणि चित्र तळटीपेत जाऊन बसतं.

फ्रेडरिक वर्थम हा कॉमिक्सच्या इतिहासातला ठरलेला खलनायक. 1954 मधल्या 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या त्याच्या पुस्तकाने अमेरिकन कॉमिक्सवर स्वनियंत्रणाची संहिता यायला मोठा हातभार लावला. त्याने पुरावे कसे वाकवले हे कॅरल टिली यांनी 2012 मध्ये त्याचीच कागदपत्रं तपासून दाखवलं. पण वर्थमनेसुद्धा पुस्तकात चौकटी छापल्या होत्या. आजच्या अनेक कॉमिक्सप्रेमी लेखांत एकही चौकट नसते. शत्रूने चित्र निरखावं आणि मित्राने नुसती गोष्ट सांगून मोकळं व्हावं, हा उलटा न्याय झाला.

या गदारोळात एक परंपरा मात्र चिवटपणे टिकून आहे. कॉमिक्सवरची खरी समीक्षा असेल तर ती हीच. पान समोर ठेवायचं आणि प्रत्येक चौकट तिथे, त्या आकाराची, त्याच कोनातून का, हे विचारत जायचं, एवढीच तिची पद्धत. 1975 मध्ये 'स्क्वा ट्रॉन्ट' या चाहत्यांच्या नियतकालिकात जॉन बेन्सन, डेव्हिड कासाकोव आणि तरुण आर्ट स्पीगलमन यांनी एका आठ पानी कथेचं चौकटीगणिक विवेचन केलं. कथा होती 'मास्टर रेस', 1955 मधली. लेखन अ‍ॅल फेल्डस्टाइनचं, चित्रं बर्नार्ड क्रिगस्टाइनची. संपादकांनी सहा पानं दिली होती. क्रिगस्टाइनने भांडून आठ मिळवली आणि आखून दिलेल्या चौकटी कापून त्यांच्या बारीक उभ्या पट्ट्या केल्या. छळछावणीचा माजी अधिकारी भुयारी रेल्वेच्या फलाटावर पळतो, पाय घसरतो, रुळांवर पडतो. गोष्टीत हा एका वाक्याचा मजकूर. क्रिगस्टाइन तो क्षण चिरत जातो. पडणारा देह अरुंद पट्ट्यांमध्ये वाटला जातो आणि काळ लांबतो. मग धडधडत जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतले चेहरे एकाच चौकटीत पुन्हा पुन्हा उमटतात आणि वेग डोळ्यांना लागतो. काळ कागदावर कसा पसरतो, हे त्या लेखाने दाखवलं. कथेचा सारांश सांगणारे शंभर लेख वाचूनही ते कळलं नसतं.

त्या वळणाचा दुसरा मोठा टप्पा 'हाउ टू रीड नॅन्सी'. पॉल कारासिक आणि मार्क न्यूगार्डन यांनी 1988 मध्ये या नावाचा छोटा निबंध लिहिला आणि 2017 मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक केलं. विषय काय, तर अर्नी बुशमिलरची 8 ऑगस्ट 1959ची नॅन्सीची एकच पट्टी. तीन चौकटी. स्लगो खेळण्यातल्या पिचकारी-पिस्तुलाने मुलांवर पाणी उडवत सुटला आहे, तोंडी तेच ते आव्हान. तिसऱ्या चौकटीत त्याच्या वाटेत नॅन्सी उभी, आणि तिच्या कमरेच्या पट्ट्यात पिस्तुलाच्या जागी बागेला पाणी घालायच्या नळीचं तोंड. विनोद इतका साधा की हसून पान उलटावं. लेखकद्वय तिथेच थांबतं. संवाद, मग पात्रं, मग पार्श्वभूमी, मग काळा रंग, मग क्षितिजाची रेषा, असा एकेक घटक वेगळा काढून तो काय काम करतो हे दाखवतं. नळी कुठून येते हे डोळ्याला आधी कळावं की नंतर, काळा ठिपका नजर कुठे ओढतो, दोन चौकटींत तेच वाक्य पुन्हा का आलं. शेवटी 'काही न करणारी' अशी एकही रेषा त्या पट्टीत शिल्लक राहत नाही. 'पोरकट' म्हणून हिणवलेल्या चित्रकाराला कोणीही उरबडवी वकिली न करता मिळालेला हा सर्वोच्च न्याय आहे.

स्कॉट मक्लाउडचं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (1993) उपयुक्त आहे, पण चौकटींमधल्या मोकळ्या जागेबद्दलची त्याची दोन वाक्यं घोकून आज जो तो समीक्षक होतो. गॅरी ग्रोथच्या 'द कॉमिक्स जर्नल'ने मार्व्हलने जॅक कर्बीला त्याची मूळ पानं परत द्यावीत म्हणून ऐंशीच्या दशकात लढा दिला, हे त्या नियतकालिकाचं मोठं काम. त्या लढ्याच्या मुळाशीही हाच आग्रह होता: पान ही वस्तू महत्त्वाची आहे, हाताने केलेली आहे, ती करणाऱ्याची आहे.

चित्र न बघण्याची किंमत काय असते ते जानेवारी 2022 मध्ये दिसलं. टेनेसी राज्यातल्या मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळाने दहा विरुद्ध शून्य मतांनी स्पीगलमनचं 'माउस' हे ज्यूंना उंदरांच्या रूपात दाखवणारं कॉमिक्स अभ्यासक्रमातून काढलं. कारण दिलं शिव्यांचं आणि एका नग्न चित्राचं. जगभरातून निषेध झाला, पुस्तकाचा खप वाढला, सेन्सॉरशिप आणि ज्यूंच्या संहारावर अग्रलेख आले. ते योग्यच होतं. पण ते चित्र कोणतं? आत्महत्या केलेल्या आईचा न्हाणीतला देह, तोही 'प्रिझनर ऑन द हेल प्लॅनेट' या स्पीगलमनच्या आधीच्या, स्वतंत्र चार पानांतला. ती चार पानं 'माउस'मध्ये जशीच्या तशी घातली आहेत. त्यात उंदीर नाहीत, माणसं आहेत. काळ्यातून पांढरं खरवडून काढलेली, जर्मन अभिव्यक्तिवादी वळणाची कर्कश रेषा आहे. उंदरांच्या मुखवट्याला जे दुःख पेलवलं नाही ते इथे उघडं पडतं, म्हणून रेषाच बदलते. मंडळाच्या लोकांना ते 'नग्न चित्र' दिसलं. पाठीराख्यांपैकी बहुतेकांना 'किरकोळ चित्र' दिसलं. बंदीच्या विरोधातला सगळ्यात भक्कम युक्तिवाद त्या रेषेत होता, आणि तो क्वचितच कोणी मांडला.

मराठीत हे घडू नये, इतकी आपली पुंजी मोठी आहे. वसंत सरवटे स्वतः व्यंगचित्रकार आणि चित्रं वाचणारे समीक्षकही. 'परकी चलन'मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकार मराठी वाचकापुढे ठेवले. रेषा विचार कसा करते, हे त्यांना चित्रकाराच्या हाताने ठाऊक होतं आणि लेखकाच्या शिस्तीने सांगता येत होतं. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आठवा. पानाला कापलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसतं, पान उलटलं की साधंसुधं दृश्य निघतं आणि वाचक स्वतःच्याच मनातला चावटपणा पकडला जाऊन हसतो. पान उलटणं हाच विनोदाचा भाग करणारी ही रचना दिवाळी अंकाच्या शाईत आणि कात्रीत घडली. तिच्यावर आंबट म्हणून नाक मुरडणारे झाले, आठवणीने गहिवरणारे झाले. खिडकीचा आकार आणि तिची जागा कशी ठरवली जाते यावर कोण लिहिणार?

शि. द. फडणीसांचा जन्म 29 जुलै 1925चा. त्यांच्या शंभरीच्या निमित्ताने पुष्कळ लिहिलं गेलं. निर्विष विनोद, शब्दांविना हसवणं, साधेपणा, 'हसरी गॅलरी', गणिताच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं. सगळं खरं, आणि सगळं चित्राच्या अलीकडेच थांबणारं. शब्द नसलेल्या चित्रात वाचकाची नजर आधी कुठे जावी आणि विसंगती कोणत्या क्षणी सापडावी, हे चित्रकाराला रंग आणि रचनेनेच ठरवावं लागतं. फडणीसांचे सपाट रंग, नेटकी बाह्यरेषा आणि मोकळी ठेवलेली जागा हे त्यासाठीचं यंत्र आहे. गणिताच्या पुस्तकात ते का चपखल बसले, याचंही उत्तर तिथेच आहे: पसारा नसलेल्या चित्रात मोजता येतं.

अमर चित्र कथेबद्दल तर समीक्षेने जणू निकाल देऊन फाइल बंद केली आहे. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतली जात, स्त्रीप्रतिमा आणि इतिहासाची सोयीस्कर मांडणी यांवर नंदिनी चंद्रा आणि कार्लीन मक्लेन यांनी गंभीर पुस्तकं लिहिली. ती आवश्यक होती. त्यांच्यामागून आलेल्या टाळीबाज लेखांनी मात्र निष्कर्ष तेवढे उचलले. राम वाईरकरांची रेषा 'सुपंडी'त जशी हलते तशी 'कृष्ण' या अंकात का हलत नाही, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

आणि मग 'भीमायन' येतं. 2011 मध्ये 'नवयान'ने काढलेल्या या पुस्तकाचं लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, आधार बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चा. याची परीक्षणं विषयाच्या महत्त्वापाशी आणि 'आदिवासी कलेच्या सौंदर्या'पाशी थांबली. खरी घटना पानावर घडते. व्यामांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पान विभागतात ते घराच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिग्न्याच्या वळणदार पट्ट्या. आगगाडी सापासारखी सरपटते. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. संवाद वाचण्याआधीच तो डंख डोळ्यांना लागतो. अस्पृश्यता ही बोलण्यातून कशी चावते, हे इतक्या थेटपणे दाखवणारी युक्ती जगातल्या कॉमिक्समध्ये विरळा.

याच्या शेजारी अमर चित्र कथेचं 1979चं 'बाबासाहेब आंबेडकर' ठेवा, लेखन एस. एस. रेगे, चित्रं दिलीप कदम. तिथे चौकटी काटकोनात आहेत, चेहरे छायाचित्राला धरून आहेत, शिवी देणाऱ्याचा आणि दिलासा देणाऱ्याचा फुगा एकसारखाच गोल आहे. त्या गोल फुग्यात अपमान हा इतर माहितीसारखाच एक मजकूर होऊन बसतो. दोन पुस्तकांमधला राजकीय फरक आशयात जेवढा आहे तेवढाच फुग्याच्या शेपटीत आहे. जो समीक्षक ती शेपटी बघत नाही त्याने राजकारणावरही बोलू नये, कारण त्याने अर्धं राजकारण वाचलेलंच नाही.

'आम्हाला आशय महत्त्वाचा' असं म्हणणाऱ्यांना हेच उत्तर आहे. चित्राला बाजूला ठेवून कॉमिक्सचा आशय सापडत नाही, सापडतो तो मागच्या कव्हरावरचा मजकूर. 'वॉचमेन'चा उल्लेख आजही अ‍ॅलन मूरचं 'वॉचमेन' असा होतो. नऊ चौकटींची जाळी पेलणारा आणि अक्षरंही स्वतः काढणारा डेव्ह गिबन्स आणि रंग भरणारा जॉन हिगिन्स वाक्यातून गळतात. चित्रकारांची नावं परीक्षणांत यावीत म्हणून इंग्लंडमध्ये सारा मॅकइंटायर यांना 'पिक्चर्स मीन बिझनेस' ही मोहीम चालवावी लागली. 'भीमायन'च्या बाबतीतही व्याम दांपत्य 'गोंड चित्रकार' एवढ्याच ओळखीवर उरतं, हे तर जास्त लागणारं आहे. नाव गाळणारे हे लोकच उद्या यंत्राने काढलेल्या कॉमिक्सचं परीक्षण बिनदिक्कत लिहितील, कारण त्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीत काहीच बदलावं लागणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती संपादकांकडे आहे. कॉमिक्सवरचा लेख छापायचा तर त्यासोबत किमान एक अख्खं पान वाचता येईल अशा आकारात छापा, त्याच्या परवानगीचे पैसे मोजा, चित्रकाराचं, शाई आणि रंग भरणाऱ्याचं, अक्षरं काढणाऱ्याचं नाव लेखकाच्या बरोबरीने द्या, आणि त्या पानाबद्दल एक ओळही नसलेला लेख परत पाठवा. दिवाळी अंकांच्या जाहिरातींच्या गर्दीत चार पानं अजून निघतात. त्यांवर कदम आणि व्याम यांची पानं समोरासमोर छापून कोणाला तरी लिहायला बसवा.