पडदा आणि पावले

१ नोव्हेंबर १९९६. सर्व संतांच्या सणाची ती संध्याकाळ. मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम होता. एका स्नेह्याने दिलेल्या प्रवेशपत्रावर मी, त्या वेळचा सेमिनरीतील विद्यार्थी, हजारोंच्या गर्दीत उभा होतो. करमणूक कराची सवलत आणि राजकीय आश्रय यांवरून तेव्हा बराच वाद माजला होता. तो विषय निराळा. माझा प्रश्न कलेचा आहे. ज्याला आपण 'प्रत्यक्ष पाहिले' असे म्हणतो, त्यात प्रत्यक्ष असे नेमके काय असते?

आधी एक कबुली. त्या रात्री मी जे पाहिले ते बहुतांशी पडद्यावर. मंचावरचा माणूस मला बोटाच्या पेराएवढा दिसत होता. आवाजाचीही तीच गत. 'हिस्टरी' नावाचा तो दौरा सप्टेंबर १९९६ मध्ये प्राग येथे सुरू झाला आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये डर्बन येथे संपला. त्यातील बरीच गाणी आधी मुद्रित केलेल्या आवाजावर सादर होत, हे आज जाणकारांना ठाऊक आहे. मराठी रंगभूमी प्रत्येक खेळाला 'प्रयोग' म्हणते. या शब्दात मोठे शहाणपण आहे. प्रयोग फसू शकतो. जो आवाज चुकूच शकत नाही, त्याचा प्रयोग कसला?

'अर्थ साँग' या गाण्याच्या अखेरीस मंचावर रणगाडा येतो. सैनिक बंदूक रोखतो, गायक ती हळूच खाली करतो, एक मूल फूल पुढे करते आणि सैनिक रडू लागतो. माझ्या आसपासचे लोकही रडत होते. माझेही डोळे ओलावले. हेच दृश्य गावोगावी तसेच घडे, म्हणून ते खोटे, असे मी म्हणणार नाही. नटही शेकडो प्रयोगांत तेच अश्रू ढाळतो. वेदीवर आम्हीही रोज तेच शब्द उच्चारतो. पुनरावृत्ती हा दोष नव्हे. दोष हा की त्या दृश्यात प्रेक्षकाला करण्याजोगे काहीच उरत नाही. दुःख, क्षमा, समेट सारे काही मिनिटांत उरकते आणि आपण न दिलेल्या क्षमेचे समाधान घेऊन घरी जातो.

याच्या अगदी उलट अनुभव 'बिली जीन'ने दिला. तो एक पेटी घेऊन आला. एकाच झोतात त्याने ती उघडली, चकचकीत सदरा काढला, मग एकुलता हातमोजा, मग काळी हॅट. घाई नाही, रणगाडा नाही. जो वेश १९८३ पासून जगाला पाठ होता, तो एक माणूस आपल्यासमोर अंगावर चढवीत होता. पुढे गाणे सरले, ताल तेवढा उरला आणि पावले बोलू लागली. आवाज मुद्रित करता येतो. पावलांना त्या क्षणी, त्या फळ्यांवरच पडावे लागते. त्या रात्रीचा प्रयोग तो होता.

पुढील काळाने या आठवणीवर सावली टाकली. मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपांतून २००५ साली न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. २००९ साली तो वारला. २०१९ साली एका माहितीपटात दोन पुरुषांनी आपल्या बालपणीच्या छळाचे आरोप मांडले. याविषयी धर्मगुरूने आवाज चढवू नये. असे घाव आमच्याही घरात झाले आहेत. पण म्हणून गप्पही बसू नये. आज ते फूल देणारे मूल आठवते तेव्हा डोळे ओलावत नाहीत, मन चरकते.

मग त्या संध्याकाळचे काय राखावे? पावले मी राखतो. ती खरी होती, हे मी पाहिले आहे. पडद्याने दाखविलेला करुणामूर्ती तारणहार मात्र मी परत करतो. तो घडविण्यात मंचाइतकाच वाटा आम्हा हात उंचावलेल्या हजारोंचा होता. आणि त्या हातांत माझेही दोन होते.