जर्नल पूर्ण आहे, प्रयोग कुठे आहे?

संशोधन पूर्ण झाल्यावर ते एखाद्या शोधपत्रिकेत कसे छापून येते, असा प्रश्न विज्ञान शिक्षक आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हाला अनेकदा विचारतात. ही रीत आधी सांगू आणि मग तिच्याबद्दलची आमची तक्रार मांडू. तक्रारीचा शेवट मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत होणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

समजा, एका गटाने जमिनीतील ओलावा मोजणारे स्वस्त उपकरण तयार केले. अशी वीस उपकरणे बनवली, वेगवेगळ्या मातीत खोचली आणि मिळालेले आकडे नेहमीच्या खात्रीच्या पद्धतीशी ताडून पाहिले. ही पद्धत आपल्या परिचयाची आहे. मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंश सेल्सिअसला भट्टीत चोवीस तास वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. कमी झालेले वजन पाण्याचे.

आता हस्तलिखित तयार करायचे. तंत्रज्ञानाची प्रत्येक शोधपत्रिका लेखकांसाठी सूचना छापते. सारांश किती शब्दांचा, आकृत्या किती स्पष्ट, संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे, हे सगळे त्यात असते. निबंधाचा साचाही ठरलेला असतो : प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा. हे काम पूर्वी प्रसिद्ध झालेले नाही, एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेले नाही आणि सर्व सहलेखकांची संमती आहे, असे लिहून द्यावे लागते. संपादक प्रथम स्वतः निबंध चाळतात. विषय आपल्या पत्रिकेचा नसेल किंवा काम कच्चे असेल तर तो तिथूनच परत येतो. बाकीचे निबंध त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जातात. लेखकाला त्यांची नावे बहुधा कळत नाहीत. काही महिन्यांनी उत्तर येते : नामंजूर, किंवा अमुक दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. जसाच्या तसा स्वीकारलेला निबंध विरळाच.

परीक्षणाचा उपयोग नाही, असे आम्ही म्हणणार नाही. १९३६ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी असूच शकत नाहीत, असा त्याचा सूर होता. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला आणि परीक्षकाने तपशीलवार आक्षेप लिहून पाठवले. आपला निबंध न विचारता दुसऱ्याला दाखवला म्हणून आइन्स्टाइन चिडले आणि त्यांनी तो परत घेतला. पण १९३७ साली दुसऱ्या पत्रिकेत तो निबंध छापला गेला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता! पुढे २०१५ साली या लहरी प्रत्यक्ष नोंदवल्या गेल्या. कोणाही थोर माणसाचा शब्द तपासल्याशिवाय घेऊ नये, ही शिस्त परीक्षणामुळे विज्ञानाला लागते.

मग तक्रार कोणती? आइन्स्टाइन यांचा निबंध गणिती होता. परीक्षक टेबलाशी बसून ते गणित पुन्हा सोडवू शकत होता. आमच्या उदाहरणातील परीक्षक काय करणार? तो माती वाळवत नाही, उपकरण जोडून पाहत नाही. त्याच्यासमोर असतो फक्त कागद. समजा, वीसपैकी तीन उपकरणे काळ्या मातीत निकामी झाली आणि लेखकांनी निबंधात ‘सतरा उपकरणे तपासली’ एवढेच लिहिले. परीक्षकाला हे कळण्याचा कोणताच मार्ग नाही. आलेख सुबक दिसतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती मात्र नेमकी त्या गाळलेल्या तीन उपकरणांत होती.

हे आम्ही कल्पनेने रंगवत नाही. रॉबर्ट मिलिकन यांचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग बारावीचे विद्यार्थी शिकतात. १९१३ सालच्या निबंधात ५८ थेंबांची मोजमापे देऊन त्यांनी म्हटले होते की हे निवडक थेंब नाहीत, साठ दिवसांत तपासलेले सर्व थेंब आहेत. त्यांच्या वह्या पुढे इतिहासकारांनी उघडल्या तेव्हा त्यांत आणखी कितीतरी थेंबांच्या नोंदी सापडल्या. गाळलेले थेंब धरले तरी विद्युतभाराच्या किमतीत फारसा फरक पडत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे निष्कर्ष खरा होता, पण त्याबद्दलचे एक विधान खरे नव्हते. छापील निबंधावरून हे कधीच समजले नसते. त्यासाठी वही पाहावी लागली.

साच्याचा दोष याहून खोल आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९६३ साली एका नभोवाणी भाषणात विचारले होते की वैज्ञानिक निबंध ही फसवणूक आहे का? त्यांचा रोख खोट्या आकड्यांवर नव्हता. संशोधन प्रत्यक्षात अंदाज, चुका, फसलेले प्रयत्न अशा वाकड्या वाटेने जाते आणि निबंध मात्र आधी निरीक्षण, मग निष्कर्ष अशी सरळ वाट दाखवतो, हे त्यांचे म्हणणे होते.

नुसता साचा किती फसवू शकतो, हे २००५ साली अमेरिकेतील एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी दाखवले. त्यांनी ‘सायजेन’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम लिहिला. तो संगणकशास्त्राचे शब्द वाटेल तसे जोडून निबंध तयार करी : सारांश, आलेख, संदर्भ सगळे जागच्या जागी, अर्थ मात्र शून्य. असा एक निबंध एका परिषदेने परीक्षण न करताच स्वीकारला. ही थट्टा तिथेच थांबायला हवी होती. पण २०१४ साली स्प्रिंगर आणि आयईईई या नामांकित प्रकाशकांना असे १२०हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. ते परिषदांच्या इतिवृत्तांत छापले गेले होते आणि सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने ते शोधून काढले होते.

असे निबंध पाठवावेसे का वाटतात? कारण निबंध वाचले जाण्याऐवजी मोजले जातात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ सालच्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी एक निबंध छापणे सक्तीचे केले. पाठोपाठ २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत निबंधांना गुण मिळू लागले. मागणी वाढली तसे पैसे घेऊन काहीही छापणारे दुकानदारही आले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या १००९ पत्रिका पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासल्या. सुमारे ८८ टक्के पत्रिका निकृष्ट असाव्यात, असे त्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले. कुणाचा पत्ता नाही, कुणाचे संपादक नावापुरते, कुणाचे दावे खोटे! २०२२ साली पीएच.डी.साठीची सक्ती गेली आणि २०२५ साली आयोगाने आपली ‘केअर’ यादीही बंद केली. पण निबंध मोजण्याची सवय नियमाबरोबर जात नाही.

सुधारणेच्या वाटा दिसत आहेत. संगणकशास्त्रात एसीएम या संस्थेने निबंधाबरोबर मूळ कार्यक्रम आणि माहिती मागवून, ती चालवून पाहून तसे चिन्ह निबंधावर छापण्याची पद्धत घातली. २०१३ पासून काही पत्रिका प्रयोग करण्यापूर्वीच त्याचा आराखडा तपासतात. आराखडा पसंत पडला आणि काम त्याप्रमाणे झाले, तर उत्तर काहीही येवो, निबंध छापला जातो. नकारात्मक उत्तर लपवण्याचे कारणच उरत नाही. आमच्या मते परीक्षणाची दिशा हीच असावी : कागदाकडून कामाकडे.

आता शाळेकडे वळू. शोधपत्रिकेला इंग्रजीत ‘जर्नल’ म्हणतात आणि आपल्या प्रयोगवहीलाही आपण जर्नलच म्हणतो. साचाही तोच : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, अनुमान. आणि रोगही तोच. साध्या लंबकाच्या प्रयोगात ९.८ हे उत्तर यायला हवे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. मग तो उत्तरावरून उलटे गणित करून निरीक्षणांचा तक्ता भरतो. जर्नल पूर्ण होते, सही मिळते, गुणही मिळतात. साच्याप्रमाणे लिहायचे आणि घडलेले गाळायचे, हा पहिला धडा संशोधकाला विद्यापीठात मिळत नाही. तो नववी-दहावीतच मिळालेला असतो.

एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांस सुमारे ४०.१ सेकंद लागतात. पण गोळा सोडतानाच ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली, तर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलने होतात. वेळ ३८.१ सेकंद भरतो आणि उत्तर येते सुमारे १०.९. हा आकडा खोडून ९.८ लिहिणारा विद्यार्थी काहीच शिकत नाही. तो तसाच ठेवून ‘असे का?’ म्हणून शोध घेणारा विद्यार्थी मोजणीची सुरुवात शून्यापासून का करायची, हे जन्मभर विसरणार नाही.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. वर्षातून एकदा तरी जर्नले आपसांत बदलायला सांगा. दुसऱ्याने लिहिलेली कृती वाचून, फक्त तिच्या आधारे, तोच प्रयोग करायला लावा. काय लिहायचे राहिले, कोणता आकडा जुळत नाही, हे परीक्षक म्हणून लिहू द्या. आणि गुण देताना ९.८ला जास्त आणि १०.९ला कमी, असे करू नका. खाडाखोड असलेल्या पण खऱ्या पानाला पूर्ण गुण द्या. पुढे यांतलाच कोणी शोधपत्रिकेकडे हस्तलिखित पाठवील, तेव्हा ते तपासणाऱ्याला त्याची वही दिसणार नाही. विश्वास ठेवावा लागेल तो त्याच्या सवयीवरच.