झोप, अभ्यास आणि एक गाळलेला स्तंभ

मॅथ्यू वॉकर यांचे 'व्हाय वी स्लीप' हे २०१७ सालचे पुस्तक आपल्या मंडळींच्या अनेक घरांत दिसते. मुले हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत असली तर हमखास. बर्कलेचे हे प्राध्यापक लिहितात झकास. दिवसा शिकलेले रात्री लोणच्यासारखे कसे मुरते, गाढ झोपेत हिप्पोकॅम्पसमधली ताजी नोंद मेंदूच्या बाह्यपटलाकडे कशी जाते, हे त्यांच्याइतके सोपे करून क्वचितच कोणी सांगितले असेल. विद्यार्थ्याने श्वाननिद्रा घ्यावी, या शिकवणीवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे ऐकणे आवश्यकच होते.

माझी तक्रार एका आलेखाविषयी आहे. शाळकरी खेळाडूंच्या दुखापतींचे सहा ते नऊ तास झोपेचे स्तंभ पुस्तकात शिस्तीत उतरत जातात: झोप जास्त, दुखापत कमी. मूळ संशोधनात पाच तासांचाही स्तंभ होता आणि तो सहाच्या स्तंभापेक्षा बुटका होता. तो छापलाच नाही! २०१९ मध्ये ही गोष्ट चव्हाट्यावर आली. गैरसोयीचा स्तंभ ठेवून त्याखाली खुलाशाचे एक वाक्य लिहिता आले असते. आमच्या धंद्यात चाचणीतला नकोसा आकडा कोणी असा पुसला, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही. आपल्यातले इंजिनिअर बाप नेमके तेच करतात: एक आलेख खोटा, म्हणजे सगळेच थोतांड, पोरगा रात्री एकपर्यंत जागतोय, जागू द्या.

पण मूळ मुद्दा त्या आलेखावर उभा नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोगात चौदा रात्री सहा तासच झोपलेल्यांची कामगिरी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली, आणि त्यांना स्वतःला ते फारसे जाणवलेही नाही. 'मला सहा तास पुरतात' या वाक्याचे मोल यावरून ठरवावे. एमआयटीतल्या रसायनशास्त्राच्या वर्गातले ८८ विद्यार्थी सत्रभर मनगटावर यंत्र बांधून वावरले. तो निबंध २०१९चा. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा मात्र दिसला. गुणांतल्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा झोपेच्या मापांशी जुळला. अर्थात, ज्याचा अभ्यास वेळेवर होतो तोच वेळेवर झोपतो, असेही असू शकेल. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि वॉकर यांची लेखणी नेमकी इथे घसरते.

सिअ‍ॅटलमध्ये २०१६ साली शाळा ७:५० ऐवजी ८:४५ला भरू लागली, तेव्हा मुले रोज ३४ मिनिटे जास्त झोपली. जास्त जागली नाहीत, हे विशेष.

पुस्तकातले सहावे प्रकरण मुलांना जरूर द्यावे. अपुऱ्या झोपेने आयुष्य घटते अशी धास्ती घालणारी पाने मात्र, परीक्षेच्या काळजीने आधीच कूस बदलत पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती न दिलेली बरी.