नव्या नभोवाणी-केंद्रांचा मागोवा : एका छंदाची नोंदभाषा

टपालाची तिकिटे जमविणाऱ्या किंवा आगगाड्यांच्या इंजिनांचे क्रमांक टिपून ठेवणाऱ्या माणसांकडे विद्वज्जन कौतुकाने पाहतात; त्यांच्या वह्या मात्र कोणी गंभीरपणे वाचीत नाही. अमेरिकेत नव्याने सुरू होणाऱ्या नभोवाणी-केंद्रांचा मागोवा घेणाऱ्या छांदिष्टांच्या वाट्यालाही हीच उपेक्षा आलेली आहे. त्या देशात लहान लहान गावांचीही स्वतंत्र केंद्रे असतात. जुनी बंद पडतात, नवी निघतात, काही नाव बदलतात, काही जागा. यांपैकी एखादे केंद्र प्रथम केव्हा बोलले, कोणत्या कंपनसंख्येवर बोलले, आणि किती अंतरावर कोणाच्या कानी पडले, याच्या नोंदी ठेवणारी मंडळे तेथे दीर्घकाळ काम करीत आहेत. नॅशनल रेडिओ क्लब १९३३ साली स्थापन झाला. डेन्मार्कमध्ये सुरू झालेले ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ हे वार्षिक १९४७ पासून जगभरच्या केंद्रांची सूची देत आले. या सर्व लेखनाची वाङ्मय म्हणून प्रतिष्ठा नाही, हे उघड आहे. तथापि भाषेचा एक विशिष्ट उपयोग म्हणून ते तपासण्याजोगे आहे. कारण ‘मला हे ठाऊक आहे’ आणि ‘मी हे ऐकले’ या दोन विधानांतील अंतर इतक्या काटेकोरपणे राखणारे लौकिक लेखन फारसे आढळत नाही.

या छंदाचा उगम नभोवाणीच्या उगमातच आहे. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील वेस्टिंगहाउस कंपनीच्या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रक्षेपित केले. हार्डिंग विजयी झाले ही त्या रात्रीची वार्ता. परंतु तिच्याबरोबरच निवेदक लिओ रोझेनबर्ग यांनी ऐकणाऱ्यांना एक विनंती केली होती : हे ज्याला ऐकू येत असेल त्याने तसे कळवावे. म्हणजे प्रक्षेपणाच्या पहिल्याच रात्री केंद्राला स्वतःच्या अस्तित्वाबद्दल श्रोत्याची साक्ष हवी होती. ही साक्ष पुढे रूढ झाली. १९२४ साली शिकागोच्या एक्को कंपनीने तर तिकिटांचे संग्रहच विक्रीस काढले. श्रोत्याने ऐकल्याचा पुरावा आणि सोबत दहा सेंट पाठवावे, केंद्राने उलट टपाली आपले तिकीट द्यावे. १९२०च्या दशकात काही शहरांतील केंद्रे आठवड्यातील एका रात्री मुद्दाम मौन पाळीत, हेतू हा की गावच्या लोकांना दूरची केंद्रे ऐकता यावीत. आपल्या श्रोत्याने दुसऱ्याचे ऐकावे म्हणून स्वतः गप्प बसणारे व्यावसायिक पुन्हा कधी झाल्याचे दिसत नाही.

पिट्सबर्गच्या त्या रात्रीचे मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. पुढे ऐकविले जाते ते नंतर केलेले पुनर्निवेदन होय. इतकेच नव्हे, तर केंद्राने त्या रात्री के-डी-के-ए हे आपले पुढे जगप्रसिद्ध झालेले नाव उच्चारले, की प्रयोगासाठी हाती असलेले ८-झेड-झेड हे नाव वापरले, याविषयीही इतिहासकारांत मतभेद आहेत. शतकातील सर्वांत गाजलेल्या प्रथमोच्चाराचा पहिला शब्दच निश्चित नाही. नेमक्या वेळी ऐकून लिहून ठेवणारा माणूस का हवा, याचे याहून चांगले उत्तर शोधण्याचे कारण नाही.

केंद्राने स्वतःचे नाव कसे सांगावे हे अमेरिकेत कायद्याने ठरविलेले आहे. दर तासाच्या आरंभाच्या सुमारास, तसेच प्रक्षेपण सुरू करताना आणि बंद करताना, नामाक्षरे आणि त्यांच्या लगोलग परवान्यात नमूद केलेले गाव, या क्रमाने ते उच्चारले गेले पाहिजे. या दोहोंमध्ये मालकाचे नाव किंवा कंपनसंख्या एवढेच घालण्याची मुभा आहे. ‘तुमचे लाडके’ यासारखे विशेषण तेथे बसत नाही. शब्दक्रमच नव्हे, तर दोन शब्दांच्या मध्ये काय यावे हेही विधिनियमाने सांगावे, असे उदाहरण व्याकरणाच्या अभ्यासकाला सहसा लाभत नाही. नामाक्षरांची व्यवस्थाही मनोवेधक आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस डब्ल्यू आणि पश्चिमेस के हे आद्याक्षर, असा सर्वसाधारण नियम. पिट्सबर्ग पूर्वेस असूनही के धारण करते, कारण तिची अक्षरे जहाजांच्या नामावलीतून ओघाने आली. पुढे या अक्षरांत अर्थ भरण्याची हौस निर्माण झाली. डब्ल्यू-एल-एस म्हणजे जगातील सर्वांत मोठे दुकान, डब्ल्यू-जी-एन म्हणजे जगातील सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र. हा जाहिरातीचा भाग सोडून देता येईल.

मराठी श्रोत्याच्या कानात बसलेली घोषणा याहून निराळ्या घडणीची आहे. ‘हे आकाशवाणीचे पुणे केंद्र आहे’ यात संस्था आधी येते, गाव मागून. गावाला स्वतंत्र नाव नाही, ते संस्थेचे अंग म्हणून षष्ठीने जोडले जाते. आणि शेवटी ‘आहे’ हे क्रियापद येऊन वाक्य पूर्ण होते. अमेरिकन घोषणेत क्रियापद नाही. ती पत्ता सांगते, विधान करीत नाही. अनेक स्वतंत्र मालकांचा देश आणि एकाच संस्थेची अनेक केंद्रे असलेला देश, यांतील फरक या दोन लहानशा रचनांत उतरलेला आहे. शिवाय भारतात शब्दांच्याही आधी सूर येतो : १९३४ साली मुंबईस आलेले आणि पुढे तेथील नभोवाणी-केंद्रात काम करणारे संगीतकार वॉल्टर काउफमान यांची ती परिचयधून. ती कानी पडल्यावर केंद्र कोणत्या देशाचे हे परक्या श्रोत्यासही कळे. ‘कोणते’ एवढाच प्रश्न उरे.

आता छांदिष्टाच्या नोंदीकडे वळावयाचे. सूर्यास्तानंतर वातावरणातील खालचा शोषक थर नाहीसा होतो आणि मध्यमलहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात. त्यामुळे रात्री एकाच जागी अनेक केंद्रे ऐकू येऊ लागतात. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० या सहा कंपनसंख्या अमेरिकेत लहान स्थानिक केंद्रांसाठी राखलेल्या असून प्रत्येकीवर शंभराहून अधिक केंद्रे आहेत. श्रोत्यांनी या सहांना ‘स्मशान’ अशा अर्थाचे नाव ठेवले आहे. तेथे यात्रेतल्यासारखा एक अखंड गलबला असतो, आणि त्यातून तासाच्या ठोक्याला एखादे नाव क्षणभर वर येऊन पुन्हा बुडते. ऐकणाऱ्याला तीन अक्षरे मिळाली, चौथे गेले. किंवा गाव कळले, अक्षरे कळली नाहीत. अशा वेळी तो काय लिहितो?

तो नाव लिहितो, परंतु त्याआधी एक शब्द ठेवतो. नामोच्चार स्वतः ऐकलेला नसून कार्यक्रमावरून, भाषेवरून, वेळेवरून केंद्र ओळखले असेल तर ‘प्रिझ्यूम्ड’, म्हणजे गृहीत. पुरावा त्याहूनही दुबळा असेल तर ‘टेंटेटिव्ह’, म्हणजे तात्पुरते. काहीच न जुळल्यास ‘अनआयडी’, अनोळखी. निर्विशेषण नाव याचा अर्थ एकच : ते कानांनी ऐकले. रोमान याकोबसन यांनी १९५७ साली क्रियापदाच्या कोटींची चर्चा करताना विधानामागील माहितीचा उगम दाखविणाऱ्या कोटीचा स्वतंत्र निर्देश केला. काही भाषांत ही कोटी प्रत्ययांनी व्यक्त होते. संस्कृतात पाणिनीने वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी लिट् वेगळा काढला, हे सर्वांस विदित आहे. मराठीत ‘असावे’ अनुमान दाखवितो आणि ‘म्हणे’ ऐकीव माहितीची जबाबदारी झटकतो. इंग्रजीच्या क्रियापदात अशी सक्तीची कोटी नाही. ज्या भाषेला ती नाही, त्या भाषेत काही हौशी माणसांनी निव्वळ प्रामाणिकपणाची गरज म्हणून ती निर्माण केली आणि वर्षानुवर्षे पाळली. या छंदाच्या वाङ्मयातील हा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल.

याची खरी कसोटी लागली ती १९९५ नंतरच्या काही वर्षांत. मध्यमलहरींचा पट्टा अमेरिका खंडांत १७०५ किलोहर्ट्झपर्यंत वाढविण्याचा निर्णय १९७९च्या जिनीव्हा परिषदेत झाला होता. प्रत्यक्ष केंद्रे मात्र बऱ्याच उशिरा आली. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील डब्ल्यू-जे-डी-एम हे १५३०वरील केंद्र १९९५ साली १६६०वर बोलू लागले आणि जवळजवळ रिकाम्या पट्ट्यात नवा आवाज ऐकण्याची दुर्मीळ संधी छांदिष्टांना लाभली. या पट्ट्यातील केंद्रांना दिवसा १० किलोवॅट आणि रात्री १ किलोवॅट एवढीच शक्ती देण्यात आली. परंतु शेजारी कोणी नसल्याने तो एक किलोवॅट कितीतरी दूर पोहोचत असे. येथे एक अडचण उद्भवली. नव्या पट्ट्यात येणारी केंद्रे जुनीच होती. ती आपली पूर्वीची जागा पाच वर्षांत सोडून देण्याच्या अटीवर येथे आली होती. मग ती ‘नवी’ कशी? मालक तोच, गाव तेच, कधी कार्यक्रमही तोच; बदलले ते स्थान. कागदावर ते स्थलांतर होते. कानाला मात्र जेथे काल केवळ खरखर होती तेथे आज माणूस बोलत होता. ऐकणारे त्याला नवेच म्हणणार, आणि ते चुकत होते असे म्हणता येत नाही.

कागद आणि कान यांचा हा विरोध छंदात आरंभापासून आहे. एक वर्ग शासनाच्या याद्या वाचतो. १९२०च्या दशकात वाणिज्य खात्याचे ‘रेडिओ सर्व्हिस बुलेटिन’ होते. १९३४ पासून फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची कागदपत्रे आहेत. बांधकामाची अनुज्ञा, नामाक्षरांची मंजुरी, परवान्याचा अर्ज, या पायऱ्यांवरून केंद्र जन्मास येते ते कागदावरच. दुसरा वर्ग म्हणतो की अनुज्ञा मिळून तीन वर्षांत मनोरा उभा न राहिलेली केंद्रेही कागदावर नांदतात. ऐकू येईपर्यंत केंद्र नाही. पण या दुसऱ्या वर्गालाही सुरुवात कोठून मानावी हे ठरविणे सोपे नाही. यंत्रांची चाचणी होते, मग कार्यक्रमांची. काही केंद्रे आरंभीचे काही दिवस एकच गाणे पुनःपुन्हा लावतात किंवा निरर्थक आवाज सोडून लोकांचे कुतूहल चाळवितात. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत उच्चारानेच घडणाऱ्या कृतींचा विचार मांडला. केंद्राचा नामोच्चार ही तशी कृती मानली, तर ती करण्याचा अधिकार परवान्यातून येतो आणि तिची सिद्धी श्रोत्याच्या कानात होते. दोहोंपैकी एकावर काम भागत नाही. तरीही निवड करावयाचीच झाल्यास ऐकणाऱ्याची नोंद श्रेष्ठ ठरते, कारण ती आपल्या अज्ञानाचे माप देते. शासकीय यादीत ‘बहुधा’ हा शब्द नसतो.

एवढी प्रशंसा केल्यावर या नोंदींचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. नाव मिळाले की ऐकणे संपते. केंद्र काय बोलले हे नोंदीत येते, पण पुरावा म्हणून. विषय म्हणून नव्हे. पुरुषाचा आवाज असेल तर ‘ओएम’, स्त्रीचा असेल तर ‘वायएल’ : तारायंत्रवाल्यांच्या बोलीतले हे संक्षेप ‘म्हातारा’ आणि ‘तरुणी’ या शब्दांचे. त्यामुळे या वाङ्मयात सर्व पुरुष वृद्ध आणि सर्व स्त्रिया तरुण आहेत, याची गंमत वाटून पुढे जाता येईल. भाषांच्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही. इंग्रजीला ‘ईई’, स्पॅनिशला ‘एसएस’, फ्रेंचला ‘एफएफ’ अशा खुणा आहेत. भारत, इंडोनेशिया, आफ्रिका येथील केंद्रांच्या नोंदींत मात्र वारंवार एकच शब्द भेटतो : ‘व्हर्नाक्युलर’. मुंबई केंद्राचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ४८४० किलोहर्ट्झवर दूरदूरच्या श्रोत्यांना मिळत असे. त्यातली मराठी ओळखू न येणाऱ्याला या शब्दाची सोय होती. मराठी वाचकाला हा शब्द अपरिचित नाही. १८७८चा देशी वृत्तपत्रांवरील कायदा याच नावाने आला, आणि ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण झालेल्या गुरुजींच्या पिढ्यांनी महाराष्ट्रातील शाळा चालविल्या. मूळ लॅटिन शब्द घरात जन्मलेल्या गुलामाचा वाचक आहे. तो इतिहास नोंद करणाऱ्याच्या मनात नसतो, हे मान्य केले तरी आक्षेप उरतोच. जो श्रोता केंद्राच्या नावापुढे ‘तात्पुरते’ लिहिल्यावाचून राहत नाही, तो भाषेबाबत ‘भाषा ओळखता आली नाही’ एवढे साधे वाक्य लिहीत नाही. आपल्या अज्ञानाला तो त्या भाषेचे नाव देतो. नामाक्षरांसाठी त्याने जी शिस्त उभारली, ती भाषेला लावण्यास कोणतीच आडकाठी नव्हती.

या नोंदींचे भवितव्यही सांगण्यासारखे आहे. परगावच्या ग्राहकयंत्राशी संगणकाद्वारे जोडून घेऊन तेथील ध्वनी घरबसल्या ऐकण्याची सोय झाली असून नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे असे यंत्र २००८ पासून परिचित आहे. अशा वेळी ‘ऐकले’ या क्रियापदाचे अधिकरण कोणते? माणूस बसला ते घर, की यंत्र आहे ते गाव? काही जण यंत्राचे स्थळ नोंदीत स्पष्ट लिहितात, काही अशी नोंद मोजणेच नाकारतात. दुसरीकडे अमेरिकेत मध्यमलहरींवर नवे केंद्र निघणे विरळ झाले आहे. कमिशनने २००० साली अल्पशक्तीच्या एफ. एम. केंद्रांचा वर्ग निर्माण केला आणि २०१३ व २०२३ साली त्यासाठी अर्ज मागविले. तेव्हा शाळा, चर्च, गावातील लहान मंडळे यांची केंद्रे निघाली. त्यांची शक्ती फार तर १०० वॅट, आणि आवाका काही मैलांचा. अशा केंद्राचा पहिला उच्चार दूरच्या छांदिष्टाच्या कानी पडण्याचा संभव जवळजवळ नाही. त्याला ते यादीतच वाचावे लागते. तो उच्चार ऐकतो तो त्या गावातला कोणी, ज्याने नोंदवही कधी ठेवलेली नसते.