खुर्ची : शोभेची आणि बसण्याची

खुर्चीचें परीक्षण बसून करावें, उभें राहून करूं नये, हें म्हणणें कोणासही बालिश वाटेल. परंतु अलीकडे गृहसजावटीविषयीं जें विपुल लेखन होत आहे तें वाचल्यावर, आणि त्याबरहुकूम मांडलेले चार दिवाणखाने पाहिल्यावर, ह्या साध्या गोष्टीचें स्मरण करून देणें अवश्य वाटूं लागतें. त्या लेखनांत खुर्चीचा विचार भिंतीवरच्या चित्राप्रमाणें केलेला असतो. ती कोणत्या रंगापुढें खुलेल, कोणत्या दिव्याखालीं शोभेल, हें सर्व सांगितलेलें असतें. तिच्यांत बसून दोन तास वाचतां येईल कीं नाहीं, आणि सत्तरी उलटलेल्या आजींना कोणाचा हात न धरतां तिच्यांतून उठतां येईल कीं नाहीं, ह्याविषयीं चकार शब्द नसतो.

आपला समाज मूळचा जमिनीवर बसणारा. पाट, चौरंग, गादी, लोड आणि झोपाळा एवढ्या सरंजामावर आपलीं घरें पिढ्यान्‌पिढ्या चाललीं. खुर्ची हा शब्दही अरबी ‘कुर्सी’पासून आलेला, आणि आला तोच अधिकाराचा वास घेऊन, आजही मराठींत एखाद्याची खुर्ची गेली म्हटलें म्हणजे त्याचें बसण्याचें साधन गेलें असें कोणी समजत नाहीं. म्हणूनच घरांत आलेली पहिली खुर्ची बहुधा स्वतः बसण्यासाठीं नव्हे, तर दुसऱ्यास बसविण्यासाठीं आली : साहेबाला, मामलेदाराला, व्याह्याला. ती सुखाची असावी असा कोणाचा आग्रह नव्हता. भारदस्त असली कीं पुरे.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत शिसवीचें जें कोरीव सामान घडत असे, तें ह्या भारदस्तपणाचें टोक होय. पारशी आणि युरोपियन गृहस्थांच्या बंगल्यांना तें शोभलें. वेली, पानें, फळें, पक्षी, पायांशीं श्वापदाचे पंजे. कारागिरानें वीतभर जागा म्हणून रिकामी सोडलेली नाहीं. त्या हातांचें कौशल्य थोर आहे ह्यांत शंका नाहीं. पण जिच्या पाठीच्या मध्यभागीं उठावाचीं फळें कोरलीं आहेत अशा खुर्चीला पाठ टेकून पाहावी, म्हणजे कारागीर श्रेष्ठ आणि खुर्ची वाईट हे दोन्ही निर्णय एकाच वेळीं खरे असूं शकतात, हें मणक्यांना तत्काळ कळतें. अशी खुर्ची वारशानें आली असेल तर ती जरूर ठेवावी, आणि जोडा घालण्यापुरतें तिच्यावर बसावें. विकत मात्र घेऊं नये. दहा बाय बाराच्या खोलींत ती हत्तीसारखी दिसते. आणि तिच्या नक्षींतील धूळ काढण्याचें काम घरांत ज्या व्यक्तीकडे येतें, तिचें मत खरेदीच्या वेळीं सहसा कोणी विचारीत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट प्रकृतीची अशी मिखाएल थोनेट ह्याची 14 क्रमांकाची खुर्ची. ऱ्हाइनकांठच्या बोप्पार्ड गांवीं 1796 सालीं जन्मलेला हा सुतार 1842 मध्यें व्हिएन्नास गेला, आणि 1859 सालीं त्यानें ही खुर्ची बाजारांत आणली. बीचच्या गोल काठ्यांना वाफ द्यावयाची, त्या लोखंडी सांच्यांत वाकवावयाच्या आणि तशाच वाळूं द्यावयाच्या, ही त्याची युक्ति. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच काठी. सबंध खुर्चींत लाकडाचे भाग सहा, मळसूत्री खिळे दहा आणि नट दोन. एक घनमीटरच्या पेटींत छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग मावत, आणि ती पेटी हव्या त्या बंदराला जाई. 1930 पर्यंत अशा सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्या होत्या. मुंबईकर वाचकांस तिची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं : इराण्याच्या हॉटेलांत संगमरवरी मेजापाशीं जिच्यावर बसून आपण ब्रुन-मस्का खाल्ला, ती हिचीच बहीण. तासन्‌तास बसण्यासाठीं ती केलेलीच नाहीं. पण जेवणाच्या मेजापाशीं तिच्यासारखी दुसरी नाहीं. एका हातानें उचलावी इतकी हलकी, आणि तिच्यांतून कांहीं काढून टाकावें म्हटलें तर काढण्याजोगें कांहीं सांपडत नाहीं. जुन्या-नव्याच्या वादांत ज्यांना फार रस असतो त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, 1925 सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ल कॉर्बुझिए ह्यानें नव्या युगाचें घर म्हणून जें उभारलें, त्यांत बसावयास थोनेटच्याच वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या ठेवल्या होत्या.

ल कॉर्बुझिएचें नांव निघालें कीं चंडीगडची खुर्ची आलीच; हल्लीं तिच्यावांचून ‘आधुनिक’ दिवाणखाना पुरा होत नाहीं. 1951 नंतर तें शहर उभें राहूं लागलें तेव्हां तेथील कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ ह्यांना हजारों खुर्च्या हव्या होत्या. त्यांची आखणी मुख्यतः ल कॉर्बुझिएचा नातलग आणि सहकारी पिएर जानरे ह्याच्या देखरेखीखालीं झाली. युली चौधरी ह्यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचा तींत वाटा होता, आणि प्रत्यक्ष घडविणारे हात तर आपल्याच सुतारांचे. सागवानी सांगाडा, वेताची बैठक व पाठ, आणि कंपास उघडून उभा करावा तसे पाय. पुढें वेत फाटले, सांधे खिळखिळे झाले, आणि सरकारी खात्यांनीं ह्या खुर्च्या मोडीच्या भावानें लिलावांत काढल्या. व्यापाऱ्यांनीं त्या उचलल्या, नवा वेत व पॉलिश चढविलें, आणि युरोप-अमेरिकेंत त्या लाखों रुपयांस विकल्या. 2011 सालीं केंद्रीय गृहमंत्रालयानें त्यांच्या विक्रीस मनाई केली; तोंवर पुष्कळ माल समुद्रापलीकडे गेला होता. जें आपल्याच कचेरींत पन्नास वर्षें बुडाखालीं होतें त्याची योग्यता आपल्याला परक्याच्या किंमतपत्रिकेवरून समजावी, हा ह्या कथेंतला बोंचणारा भाग आहे.

खुर्ची म्हणून ती चांगली आहे काय? आहे. बैठक ऐसपैस, हात रुंद, आणि वेतांतून वारा खेळत असल्यामुळें उन्हाळ्यांतही ती जाचत नाहीं. दोष इतकाच कीं ती जड आहे, आणि तिचे फांकलेले पाय लहानशा खोलींत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येतात. मुळांतच ती एका आराखड्यावरून अनेक हातांनीं घडलेली असल्यामुळें, ओळखीच्या सुतारास चांगलें सागवान देऊन तशी करून घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र नवीच खुर्ची घांसून, तिच्या पाठीमागें पांढऱ्या रंगानें खात्याचीं अक्षरें काढून ती जुनी म्हणून विकणें ही शुद्ध लबाडी होय. आणि त्या चार अक्षरांसाठीं दसपट दाम मोजणाऱ्याचा संबंध खुर्चीशीं नसून मिरवण्याशीं आहे.

इतर नामांकित खुर्च्यांवर फार शाई खर्चण्याचें प्रयोजन नाहीं. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची 1949 सालची, पाठीला इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आधार असलेली खुर्ची मला मनापासून आवडते. पण तिची बैठक कागदी दोरीची आहे, आणि कोंकणांत चार महिने पाऊस असतो. ईम्स दांपत्याची 1956 सालची कातडी आरामखुर्ची थंड हवेची आहे. मे महिन्यांत तिला अंग चिकटतें, आणि गुडघे धरलेल्या माणसाला तिच्यांतून उठणें म्हणजे एक प्रवासच. त्याच दांपत्यानें 1958 च्या आपल्या भारतविषयक अहवालांत आपल्या साध्या लोट्याची मुक्तकंठानें स्तुति केली आहे, हें ह्या खुर्चीसाठीं हप्ते बांधून घेणाऱ्यांना दुकानदार सांगत नाहीं.

जुनी खुर्ची घ्यावयाची असेल तर ती आधीं उलटी करावी. पायांचे तळ झिजलेले नसून नुसतेच काळे केलेले असतील तर पुढें बोलूं नये. बारीक भोंकांतून ताजी लाकडाची पूड पडत असेल तर किडा अजून आंत आहे; अशी वस्तु घरच्या इतर लाकडांतही आणूं नये. मग सरळ करून बसावें, आणि पाय पुरते जमिनीला टेकतात कीं नाहीं तें पाहावें. मेज 29-30 इंच उंच असेल तर बैठक 17-18 इंचांची हवी. आपल्या ठेंगण्या बायकामाणसांना त्याहून इंचभर कमीच बरी. वेताच्या चौकटीभोंवतीं भोंकें असतील तर तें हातचें विणकाम. खांचेंत पट्टी ठोकून विणलेला ताव बसविला असेल तर तो यंत्राचा. दुसरा स्वस्त पडतो, परंतु एकदां फाटला कीं सबंधच बदलावा लागतो.

आणि विकत घेण्यापूर्वीं स्वतःच्या घरचा माळा एकदां पाहावा. लांब हातांची, आजोबांची आरामखुर्ची तेथें पालथी पडलेली असण्याचा संभव पुष्कळ आहे. तिचा वेत तुटला नसून केवळ सैल पडला असेल, तर खालच्या अंगानें कढत पाण्याच्या फडक्यानें तो चांगला भिजवावा आणि वाऱ्यावर वाळूं द्यावा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो ताणून बसतो.