वेगाच्या कोष्टकात अडकलेल्या विनाशिका

ब्रिटिश विनाशिकांच्या पहिल्या दशकाबद्दल अलीकडे जे लिहिले जाते, त्याचा आता वीट आला आहे. पुस्तक असो की माहितीपट, मांडणी ठरलेली: ‘हॅव्हॉक’चे २६ नॉट, मग २७, मग ३०, आणि कळस म्हणून ‘व्हायपर’चे ३६. पुढचा ‘रिव्हर’ वर्ग साडेपंचवीस नॉटचा, म्हणून तिथे उतरण लागली असे समजायचे! नौकारचनेच्या इतिहासात इतका उफराटा निष्कर्ष क्वचितच इतक्या बिनदिक्कत छापला गेला असेल.

एडगर मार्च यांनी १९६६ मध्ये आणि डेव्हिड लायन यांनी १९९६ मध्ये या बोटींचे मूळ आराखडे वाचकांसमोर ठेवले होते. या विषयावरचे खरे लेखन मला तिथेच दिसते, कारण आराखड्यासमोर बसले की वेगाचा आकडा आपोआप मागे पडतो आणि नाळ, म्हणजे बोटीचा पुढचा भाग, दिसू लागते. ३० नॉटवाल्या बोटींची नाळ कासवाच्या पाठीसारखी गोल आणि बुटकी होती. लाट फुटली की पाणी थेट पुढच्या तोफेवर आणि ब्रिजवर. ज्या तोफेने शत्रूची टॉर्पेडो बोट बुडवायची, तीच खवळलेल्या समुद्रात निकामी ठरे. आराखड्यात कोळशाच्या बंकरांना चिकटलेली खलाशांची कोंदट जागा दिसते, पत्र्याची जाडी कुठे किती वाचवली तेही दिसते. हे वाचणारे लेखक आज जवळजवळ उरलेले नाहीत. छायाचित्रांचे गुळगुळीत अल्बम निघतात, ते चाळून ठेवावेत. टर्बाइनच्या स्तुतिगाथांबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

ज्या आकड्यांचे एवढे कौतुक, ते आले कुठून? चाचणीच्या वेळी बोट हलकी असे, समुद्र शांत, कोळसा निवडक आणि भट्टीवर कारखान्याची तरबेज माणसे. नेहमीचा भार आणि नेहमीचे खलाशी घेऊन निघाल्यावर तो वेग बहुतेकींना पुन्हा कधी गाठता आला नाही. एका दिवसाचा आकडा त्या बोटीच्या नावापुढे कायमचा चिकटला, आणि इतिहासकार तोच उतरवून घेत राहिले.

१९०१ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हायपर’ धुक्यात ऑल्डर्नीजवळच्या खडकांवर गेली. पुढच्याच महिन्यात तिच्यासारखीच टर्बाइनवाली ‘कोब्रा’ उत्तर समुद्रात मधोमध मोडली आणि ६७ माणसे बुडाली. तिचा सांगाडाच कमजोर होता, असा चौकशीचा निर्णय झाला. ३० नॉटवाल्या ‘वुल्फ’वर नंतर झालेल्या चाचण्यांत तिचा सांगाडा पुरेसा भक्कम ठरला, हे मान्य. पण बोट मोडत नाही एवढ्यावरून ती समुद्रात लढू शकते, असे सिद्ध होत नाही. ‘रिव्हर’ वर्गाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. नाळ उंच केली, वजन साधारण साडेपाचशे टनांवर नेले आणि वेगाची चाचणी प्रत्यक्षातला भार चढवून घेतली. हा साडेपंचवीसचा आकडा निदान खरा होता.

वेगवाद्यांना आता सरळ विचारायला हवे: ‘रिव्हर’ वर्गाच्या बोटींनी पुढे काय केले ते तुम्ही का सांगत नाही? १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्समध्ये बुडत्या ‘इररेझिस्टिबल’ या युद्धनौकेला ‘वेअर’ जाऊन भिडली आणि तिच्यावरच्या सहाशेहून अधिक माणसांना तिने उचलले. पाच आठवड्यांनी अँझॅकच्या किनाऱ्याकडे सैन्य नेणाऱ्या सात विनाशिकांपैकी चार ‘रिव्हर’ वर्गाच्या होत्या. जुलै १९१८ मध्ये ‘गॅरी’ने जर्मन पाणबुडी ‘यूबी-११०’ला धडक देऊन बुडवले, कप्तान होते ‘टायटॅनिक’मधून वाचलेले लाइटोलर. अशी कामे करणारा वर्ग उतरणीचा कसा?

उलट बाजूने चीनमधल्या टाकूचा दाखला येतो. जून १९०० मध्ये ३० नॉटवाल्या ‘फेम’ आणि ‘व्हायटिंग’ यांनी चार चिनी विनाशिका पकडल्या, हे खरेच. पण त्या नदीत बांधून ठेवलेल्या होत्या. ‘फेम’चे कप्तान रॉजर कीज यांची माणसे त्यांच्यावर चढली. त्या पराक्रमात ३० नॉटचा वाटा कोणता?

मग शेवटचा बचाव म्हणून टर्बाइन पुढे केले जाते. ‘व्हायपर’ नसती तर टर्बाइन नौदलात रुजलेच नसते, म्हणे. ‘व्हायपर’ आणि ‘कोब्रा’ दोघीही १९०१ मध्येच गेल्या. १९०३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘ईडन’मध्ये मात्र पार्सन्सचेच टर्बाइन होते, आणि ‘ईडन’ ‘रिव्हर’ वर्गाचीच होती: उंच नाळेची, साडेपंचवीस नॉटची. कोष्टकवाल्यांनी तिला कोणत्या रकान्यात बसवायचे ते सांगावे.