कमानींवर तोललेले उपाहारगृह

वास्तूची पारख तिच्या रूपावरून करावी की उपयोगावरून, हा वाद जुनाच आहे. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरील ‘थीम बिल्डिंग’ या वास्तूच्या इतिहासाने तो नव्याने उपस्थित होतो. म्हणून आम्ही तिचा येथे परामर्श घेत आहोत.

ही वास्तू १९६१ साली खुली झाली. विल्यम परेरा, चार्ल्स लकमन, वेल्टन बेकेट व पॉल विल्यम्स या वास्तुविशारदांची नावे तिच्याशी निगडित आहेत. १३५ फूट उंचीच्या, एकमेकींस छेदणाऱ्या कमानी आणि त्यांच्यामध्ये तबकडीप्रमाणे उचलून धरलेले उपाहारगृह, अशी तिची योजना. खर्च सुमारे २२ लाख डॉलर झाला. मूळ आराखड्यात विमानतळाच्या इमारतींना जोडणारा विशाल काचेचा घुमट होता. तो विचार सोडून देण्यात आला व मध्यभागी ही वास्तू उभी राहिली. तिच्या गुणाचे आणि दोषाचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

गुण असा की, भोजनास येथे कोपऱ्यातील खोली नव्हे, तर मध्यवर्ती स्थान मिळाले. सभोवार काचा असल्यामुळे जेवता जेवता विमानांचे येणे-जाणे न्याहाळता येई. जेट विमानांच्या आरंभकाळातील उल्हास या आकृतीत खरोखर उतरला आहे. कमानी काँक्रीटच्या भासतात, पण त्यांचा वरचा भाग पोलादी सांगाड्यावर गिलावा चढवून केलेला आहे. २००७ साली त्या गिलाव्याचा मोठा तुकडा निखळून पडला आणि दुरुस्ती २०१० पर्यंत चालली. अशा रूपाला जपणूकही तशीच लागते.

दोष मात्र गिलाव्याहून खोल आहे. घुमट गेला, त्याबरोबर इमारतींना सांधणारा दुवाही गेला. उरले ते रस्ते आणि मोटारींचे तळ यांच्यामधील बेट. प्रवाशाने आपली इमारत सोडून, रस्ता ओलांडून येथे यावे, जेवावे व पुन्हा परतावे, अशी ही व्यवस्था. १९९७ साली वॉल्ट डिस्ने इमॅजिनिअरिंगने अंतर्भाग अंतराळयानासारखा सजविला व उपाहारगृहाचे नाव ‘एन्काउंटर’ ठेवले. सजावट बदलली, अंतर तेवढेच राहिले. सप्टेंबर २००१ नंतर तपासणी कडक झाली. एकदा आत गेलेला प्रवासी जेवणासाठी पुन्हा बाहेर कशाला येईल? २०१३ च्या अखेरीस उपाहारगृह बंद झाले. पुढे २०१८ साली खालच्या मजल्यावर सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी विश्रामस्थान सुरू झाले.

हा दोष काळाचा, वास्तुविशारदांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. २००१ चे संकट १९६१ साली कोणास दिसणार होते, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मधले अंतर आराखड्यातच होते. काळाने ते केवळ दुस्तर केले. आमच्या गोमंतकातील देवस्थानांच्या अग्रशाळा शिल्पाचे नमुने म्हणून कोणी पाहावयास जात नाही. तथापि त्या देवळालगत असल्यामुळे यात्रेकरूस दर्शन आणि भोजन यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही. आतिथ्याचे पहिले लक्षण हेच नव्हे काय?

या वास्तूचे जतन झाले पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. मात्र विमानतळावर उंची उपाहारगृह उभारू इच्छिणाऱ्याने कमानीची रेघ ओढण्यापूर्वी प्रवाशाची वाट कागदावर आखावी.